ओळी करू नका

४ मार्च

तीर्थरूप मामा,

मागच्या पत्रात नुसतं 'मामा' लिहिलं, तर तुम्ही विचारलंत की मी शेजारच्या खोलीतून हाक मारते आहे का. म्हणून या वेळी तीर्थरूप. पुढचं मात्र शेजारच्या खोलीतूनच ऐका. फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणून ठेवून देता, पत्रात मोकळे होता, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

पाकिटात एक पट्टी आहे. पुस्तकात खूण म्हणून घालायला दिलेली नाही. मी प्रयोगशाळेत दिवसभर काय करते असं तुम्ही विचारत असता ना, तर हे करते. वाकवा, गुंडाळा, मोडणार नाही. तिच्या कडेला जी काळी रेघ आहे ती उन्हावर वीज तयार करते आणि त्या विजेवर बाकीची पट्टी रंग बदलते. ऊन आलं की गडद, ऊन गेलं की जवळजवळ काचेसारखी. तार नाही, बटण नाही, सेल नाही. उद्या हीच फिल्म खिडकीएवढी केली, तर दुपारी खोली आपली आपण सावलीत जाईल.

उद्या म्हणाले खरं, पण तो उद्या आमच्या मोठ्या बाईंच्या हातात आहे. प्रयोगशाळेच्या प्रमुख त्या. मे महिन्याच्या शेवटी बैठक आहे. तोवर साध्या घरांत ही पट्टी नीट चालली तर काम पुढे, नाहीतर फिल्म कपाटात आणि मी पुन्हा बाटल्यांवरची लेबलं सुटतात की नाही ते बघायला.

एक पट्टी आमच्या बसच्या ड्रायव्हरकाकांकडे दिली आहे, एक कॅन्टीनच्या मावशींकडे. तिसरं नाव मी तुमचं दिलं. रंगाच्या दुकानात उभा जन्म काढलेला माणूस, डबा न उघडता झाकणावरच्या ओघळावरून शेड सांगणारा. कागदावर मी 'अत्यंत विश्वासार्ह निरीक्षक' असं लिहिलं आहे, तेव्हा माझी लाज राखा. कोणता रंग यायला हवा ते मुद्दाम सांगत नाही. पट्टी खिडकीत टांगा आणि दिसेल ते तुमच्या शब्दांत कळवा.

एक मात्र सांभाळा, ओली करू नका.

तुमची,
भिंगरी


१२ मार्च

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

पट्टी पोचली. खाली दुकान असलेल्या शिंपीमास्तरांनी तिच्या डोक्याला दोऱ्याचा फास शिवून दिला, आणि ती आता बैठकीच्या खिडकीत लोंबते आहे. मास्तरांनी बोटांत चाचपून विचारलं, "कुठल्या ताग्यातली?" मी म्हटलं, भाचीच्या डोक्यातली. ते म्हणाले, मग धुतल्यावर आटेल.

तिचं नाव मी लाजरी ठेवलं आहे. ऊन नुसतं गजाशी आलं की ही रंगून जाते. मला शाळेतले आमचे गुरुजी आठवले. ते कविता म्हणायला उभं करायचे आणि दुसऱ्या कडव्यापाशी मीही असाच कानांपासून रंगत जायचो. फरक एवढाच, की ऊन गेल्यावर लाजरी पूर्ववत होते. मी त्या दुसऱ्या कडव्यापाशी अजून उभा आहे.

आता तक्रार. तू लिहिलंस, 'एक मात्र सांभाळा, ओळी करू नका.' वाचून मी पेन खाली ठेवलं. माझ्या ओळींचा घरादाराला त्रास झाला हे मला मान्य आहे. तुझी मामी मी ओळी म्हणायला लागलो की पातेली घासायला घ्यायची, स्वच्छ असली तरी. दुकानात शेठ म्हणायचे, अहो, गिऱ्हाइकाला आभाळ नको आहे, डबा हवा आहे. पण तूही? लहानपणी माझ्या मांडीवर बसून माझ्या ओळींना टाळ्या वाजवणारी तू? (तेव्हा तुला बोलता येत नव्हतं, हे मी हिशेबात घेतलेलं नाही.) असो. शब्द पाळतो. हे पत्र शुद्ध गद्यात आहे.

वस्तूची काळजी मी डोळ्यांत तेल घालून घेतो आहे. धूळ बसायला नको म्हणून रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतो. परवा जरा चिकट वाटली तेव्हा साबणाचा थेंबही टाकला.

रंग म्हणशील तर शेवाळी. विहिरीच्या शेवटच्या पायरीवर सकाळी जी कोवळी शेवाळ असते, तो. उन्हं चढली की जास्त दाट.

बाकी ठीक. छापखाने हल्ली शाई फार वाचवायला लागलेत. म्हणून कवितांचं जुनं पाठ्यपुस्तक काढलं, तर त्याचीही शाई उडालेली. पुस्तकंसुद्धा म्हातारी होतात, आणि आपल्याला वाटतं आपणच.

तुझा गद्य,
मामा


१७ मार्च

मामा,

तीर्थरूप वगैरे पुढच्या वेळी. ओली. ओली, मामा. लसणातला ल. पाण्याने भिजवू नका एवढंच मला म्हणायचं होतं. ओळी तुम्ही हव्या तेवढ्या करा, पट्टीवर करा, माझ्यावर करा. चूक माझ्या अक्षराची. आई म्हणते माझं अक्षर म्हणजे मुंग्यांचा मोर्चा, म्हणून या वेळी मुंग्यांऐवजी झुरळांएवढं काढलं आहे.

पण तुमच्या शेवाळीने माझी झोप उडाली. पट्टीच्या कडा आम्ही चिकटवून बंद करतो. कुठे सुटली आणि हवा किंवा पाणी आत गेलं, तर आतला थर पिवळा पडतो, आणि त्या पिवळ्यामुळे पट्टीचा खरा रंग हिरवट दिसायला लागतो. हिरवं म्हणजे आमच्यासाठी दुखणं. अर्थात ओलं फडकं आणि साबण यांतून कोण वाचलं असतं. माझ्या कामावर पाणी फिरवणं म्हणतात ते तुम्ही शब्दशः केलंत.

ही पट्टी मला परत पाठवा. सोबत दुसरी देते आहे. हिला कोरडी ठेवा. आणि मला वाईट वाटेल म्हणून रंग बदलून सांगू नका. खरं तेच लिहा.

जाता जाता, तुमच्या पत्रातल्या ओळी शेवटाकडे जिना उतरल्यासारख्या खाली का जातात?

भिंगरी


२९ मार्च

चि. भिंगरी,

अपराधी उभा आहे. कान पकडायला दोन्ही हात लागतात, म्हणून हे पत्र उशिरा लिहितो आहे.

पहिली लाजरी परत पाठवली. दुसरी टांगली. फडकं स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. आता परवानगीच मिळाली आहे, तर घे:

ऊन पाहता लाजत जाई,
ढग येता ती विसरत लाज;
पाहत बसला वेडा मामा,
चहा उतू गेला बघ आज.

चौथी ओळ कवितेची नाही, पंचनाम्याची आहे. भांडं अजून घासतो आहे.

ओळी जिना उतरतात कारण त्यांचंही वय झालं आहे.

आता कामाचं. तू खरं लिहा म्हणालीस म्हणून लिहितो. हीसुद्धा हिरवीच. पहिल्याच उन्हापासून. शेवाळी नाही म्हणता येणार, पोपटाच्या पंखाची आतली बाजू असते ना, ती. मी मास्तरांना वर बोलावून विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तो रंग." धंद्यात हीच त्यांची रीत आहे. गिऱ्हाईक डाळिंबी रंगाला तपकिरी म्हणालं तरी ते म्हणतात, छान आहे तपकिरी.

तुझ्यासाठी वाईट वाटतं. पण मी रंगात खोटं कधी बोललो नाही. दरात-मापात मी एखादे वेळी सूट दिली असेल, शेडमध्ये नाही.

मधे एक सहल झाली. वाचनालयात जायला बसमध्ये चढलो ते भलत्याच नंबरच्या. पार शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. कंडक्टर म्हणाला, आजोबा, पाटी वाचली नाही का? मी म्हटलं, विचारात होतो. तिथे एक गोदाम आणि एक झाड होतं. झाड चांगलं होतं. कवी माणसाला अशा चुका शोभून दिसतात, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि परतीचं तिकीट काढलं.

तुझा,
मामा


१३ एप्रिल

तीर्थरूप मामा,

उशीर झाला, कारण मी पट्ट्या फाडत बसले होते. तुमच्या पट्ट्या बनवल्या त्याच दिवशीच्या बाकीच्या सगळ्या काढल्या, कडा उसवल्या, आत बघितलं. कुठेही हवा नाही, कुठेही पिवळं नाही. तुम्ही परत पाठवलेली, साबणाने आंघोळ घातलेली पट्टी माझ्या टेबलावर उन्हात ठेवली, तर जशी व्हायला हवी तशी झाली. यंत्रानेही तेच सांगितलं. म्हणजे माझ्याकडे बरी आणि तुमच्या खिडकीत आजारी.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, टेबलावर सगळंच चालतं, घरात चाललं पाहिजे. मग त्यांनी माझाच कागद माझ्यापुढे धरला. "तुझ्या अत्यंत विश्वासार्ह निरीक्षकाने दोन्ही पट्ट्या हिरव्या सांगितल्या आहेत. हिरवी पडणारी फिल्म मी बैठकीत ठेवणार नाही."

ड्रायव्हरकाका आणि कॅन्टीनच्या मावशी काय म्हणाले, ते आता सांगायला हरकत नाही. दोघांचा मिळून एक शब्द: निळी. मी नाक मुरडलं. म्हटलं, यांना निळं काय आणि हिरवं काय, आमच्या मामांकडे एकेका निळ्याला दहा नावं आहेत. बाईंनाही मी तसंच सांगून बसले. आता शब्द कसा फिरवू?

मला वाटतं दोष तुमच्या खिडकीच्या काचेत असेल. काच रंगीत आहे का? जुनी काच पिवळसर असू शकते. या पत्राचा खालचा अर्धा कागद मी कोरा सोडला आहे. तो खिडकीशी धरून त्यावर पट्टी ठेवा आणि पट्टीचा रंग सांगा, कागदाचाही सांगा.

भिंगरी


२० एप्रिल

चि. भिंगरी,

तुझ्या आज्ञेप्रमाणे केलं.

पट्टी हिरवी. कागद सायीच्या रंगाचा. तापवलेल्या दुधावर दुसऱ्या दिवशी जी जाड साय येते, तिचा. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत तुम्हाला जुना पिवळा पडलेला कागद का वापरावा लागतो? बाईंना सांग, मामा चांगला पाठवतील.

काच साधी आहे. पण काचेचं म्हणशील, तर दोष एकट्या काचेला कशाला देतेस? बैठकीच्या भिंतीला मी स्वतः निवडून पांढरा लावला होता, तोही सायीवर आला आहे. परवा शर्ट घ्यायला गेलो. दुकानदाराने भर दुपारी, दुकानाच्या दारात, माझ्यापुढे बदामी शर्ट टाकून पांढरा आहे म्हणून सांगितलं. मी म्हटलं, बाळा, तू जन्मायच्या आधीपासून मी पांढरा विकतो आहे. पांढऱ्याच्या नऊ जाती असतात आणि हा त्यांतला एकही नाही. लोक जमले. मी शर्ट न घेता परत आलो, मान ताठ ठेवून, आणि पायरी चुकून. गुडघा ठीक आहे.

चंद्रसुद्धा आता जुन्या पितळी ताटलीसारखा दिसतो. आमच्या शाळेतल्या कवितांत तो चांदीचा होता. हल्ली सगळ्या मालातच खोट आली आहे, असं मी मास्तरांना म्हणालो. ते टाचण्या तोंडात धरून 'हूं' म्हणाले.

आणि तुझा तो ड्रायव्हर. निळी म्हणे. झाडावर बसलेल्या प्रत्येकाला 'पक्षी' म्हणण्यासारखं आहे ते. एवढ्या शब्दात काय उजेड पडणार?

तुझा,
मामा


२४ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खिडकीची काच दुकानाच्या दारात नव्हती. चंद्रावर तर नाहीच नाही.

मी पाठवलेला कागद पांढरा होता. नवा कोरा, त्याच दिवशी फोडलेल्या गठ्ठ्यातला.

पिवळं पट्टीत नाही, मामा. तुमच्या डोळ्यांत आहे. निळ्यावर पिवळं चढलं की हिरवं दिसतं, हे मला तुम्हीच शिकवलंत, दुकानाच्या मागच्या ओट्यावर, काडीने डब्यात ढवळून. मला वाटतं मोतीबिंदू असावा. उडालेली शाई, बसचा नंबर, पायरी, जिना उतरणाऱ्या ओळी, सगळं तुम्ही मला लिहून पाठवत होतात आणि मी माझ्या पट्टीच्या कडा तपासत बसले. ओलीचं ओळी झालं ते माझ्या अक्षरामुळे नव्हतं.

डॉक्टरांकडे जा. लगेच. मी येऊ का?

मोठ्या बाईंना मी सगळं खरं सांगितलं. आधी हसल्या, मग म्हणाल्या, "ज्याच्या शब्दावर थांबवलं, त्याच्याच शब्दावर सुरू करीन. मामांना नीट दिसू दे आणि त्यांना लिहू दे." पण डॉक्टरांकडे जायचं ते त्यासाठी नाही. तुमच्यासाठी.

भिंगरी


२९ एप्रिल
(पोस्टकार्ड)

पट्टी निळी आहे. बाईंना दाखवावे.
मामा


३ मे

तीर्थरूप मामा,

पोस्टकार्ड मिळालं. बाईंना दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही.

ते तुम्ही बघितलेलं नाहीत. मी कळवलेलं मला परत पाठवलंत. मला ऐकीव रंग नको आहे, मामा. तसला रंग मी स्वतः लिहून तुमची सही मारू शकले असते. शेडमध्ये कधी खोटं बोललो नाही असं मार्चमध्येच लिहिलंत, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोललात ते माझ्यासाठी. त्याचं मला बरं वाटलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी कॅन्टीनमध्ये मावशींसमोर रडले. त्या म्हणाल्या, पट्टी बिघडली का? म्हटलं, नाही, मामा.

फिल्म कपाटात गेली तर जाऊ दे. लेबलं चिकटवीन. तुम्ही डॉक्टरांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

भिंगरी


९ मे

चि. भिंगरी,

आता लपवण्यात अर्थ नाही. तशीही आमच्या इमारतीत फक्त मलाच बातमी नव्हती.

ओली-ओळीच्या गोंधळानंतर तुझी पत्रं मास्तर वाचून दाखवतात. मी म्हटलं, भाचीचं अक्षर लागत नाही. ते दुकानातच वाचतात, मशीन थांबवून, गिऱ्हाइकांसमोर. 'पिवळं तुमच्या डोळ्यांत आहे' हे वाक्य आलं तेव्हा एक गृहस्थ पॅन्टचं माप द्यायला उभे होते. ते म्हणाले, जरा परत वाचा. मास्तरांनी परत वाचलं. माझा अपमान एकाच बैठकीत दोनदा झाला आणि दुसऱ्या वेळी उच्चार जास्त स्पष्ट होता.

मग मी मास्तरांना सरळ विचारलं, पट्टी कोणती? त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "निळी. पहिल्या दिवसापासून." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "गिऱ्हाइकाशी आणि मित्राशी मी रंगावरून भांडत नाही." मी वर येऊन ते पोस्टकार्ड लिहिलं.

आता डॉक्टरांचं. मला भीती वाटते. हे वाक्य शोभेल अशा शब्दांत लिहायचा प्रयत्न केला, पण सगळे शब्द पाठ फिरवून बसले. या डोळ्यांखेरीज मला दुसरी कमाई नाही. आज निदान हिरवं तरी दिसतं. उद्या कुणी आत हात घातला आणि तेही गेलं तर? हिरव्यावर भागवून घेऊ, असं ठरवून बसलो होतो.

पण तुझं पत्र ऐकल्यावर एक गोष्ट करून पाहिली. रोज सकाळी मी कवितांचं पुस्तक घेऊन खिडकीत बसतो, हे तुला माहीत आहे. मास्तर म्हणतात, काय वाचन आहे तुमचं. त्या दिवशी मुद्दाम न पाहता मधलंच पान उघडलं आणि कुठली कविता आली ते वाचू लागलो. लागली नाही. मग लक्षात आलं की मी रोज पानं उलटत होतो आणि पाठ असलेलं म्हणत होतो. वाचणं कधी बंद झालं ते मला कळलंच नाही, कारण आवाज तोच होता. नवी कविता मी कितीतरी दिवसांत वाचलेली नाही. जगाने चांगलं लिहिणं सोडलं, असं धरून चाललो होतो. केवढी सोय.

आणि रोगाचं नाव काय, तर मोतीबिंदू. मोती आणि बिंदू. इतका गोड शब्द समोर उभा होता आणि उभ्या आयुष्यात मला तो एकाही ओळीत बसवता आला नाही, शेवटी तोच माझ्यात येऊन बसला.

उद्या मास्तर मला डॉक्टरबाईंकडे नेत आहेत. दुकान बंद ठेवणार आहेत, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. तू येऊ नकोस, बैठकीची तयारी कर. हे पत्र माझ्याच हातचं आहे. ओळी कुठे गेल्या असतील तिथून गोळा करून वाच.

तुझा,
मामा


२५ मे

चि. भिंगरी,

या पत्राच्या ओळी सरळ आहेत. आधी त्या बघून घे, मग पुढे वाच.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. टेबलावर पडल्या पडल्या मी धीरासाठी शाळेतली कविता पुटपुटायला लागलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, आजोबा, हनुवटी हलते आहे, कविता नंतर. शेठनंतर इतक्या थोडक्यात मला कुणी आवरलं नव्हतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचायच्या आत संपलंसुद्धा.

पट्टी सुटल्यावर (ही डोळ्यावरची, तुझी नव्हे) डॉक्टरबाईंनी विचारलं, काय दिसतं? त्यांचा कोट इतका पांढरा होता की मी म्हटलं, हा नऊ जातींतला पहिला. घरी आल्यावर आधी आरसा लागला. त्यातल्या गृहस्थांना मी नमस्कार करणार होतो. इतके म्हातारे ते कधी झाले, विचारायला हवं होतं. मग शर्टाच्या दुकानात जाऊन त्या मुलाकडून तोच पांढरा शर्ट घेतला आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला, आजोबा, बदामी पण आहे, दाखवू का?

लाजरीकडे मी मुद्दाम लगेच बघितलं नाही. ऊन खिडकीत यायची वाट पाहिली, खुर्ची ओढून बसलो. आधी जुना डोळा उघडा ठेवला. पोपटाच्या पंखाची आतली बाजू, जशीच्या तशी. मग तो मिटला आणि नवा उघडला.

पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. हिरवी, मग ती दुसरी. बराच वेळ हा खेळ चालला. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी त्यांची खिडकी लावून घेतली. या वयात मी त्यांना डोळे मारतो आहे असा त्यांचा समज झाला असणार, आणि मास्तरांना मध्यस्थीला पाठवावं लागलं.

आता तुला तुझ्या निरीक्षकाचे शब्द हवेत. मी सगळं शेडकार्ड मनात उघडलं. पावसाआधीचं आभाळ घेऊन बघितलं, जांभळाचा घोट, मोराची मान, दौतीचा तळ. दुकानात मी ठेवलेली सगळी नावं एकेक करून तिच्या शेजारी धरली. एकही बसलं नाही. तुझ्या ड्रायव्हरकाकांना माझा नमस्कार सांग. त्यांच्याकडून शब्द उसना घेतो आहे, आणि त्यापेक्षा चांगला माझ्याकडे नाही. सोबत वेगळा कागद ठेवला आहे, तो मोठ्या बाईंना दे. त्यावर लिहिलं आहे: 'मी स्वतः पाहिली. निळी.' खाली सही आहे. या वेळचा रंग ऐकीव नाही.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. तो होईपर्यंत जुन्याने अधूनमधून हिरवी बघून घेतो. तीही वाईट नव्हती, आम्ही बरे दिवस काढले.

मग तुझी सगळी पत्रं काढली आणि पहिल्यापासून स्वतः वाचली. तुझं अक्षर सुरेख आहे, आईला सांग. 'एक मात्र सांभाळा, ओली करू नका.' ल इतका स्वच्छ आहे, लसणातला. त्याच्याखाली नखाने एक रेघ मारून ठेवली.

डॉक्टरबाईंनीही एक कागद दिला आहे. चष्म्याशिवाय, मास्तरांशिवाय वाचला. त्यात लिहिलं आहे, काही दिवस डोळा ओला करू नका. ओला, बरं का, ओळी नव्हे. शब्द बरोबर वाचला. पाळता मात्र आला नाही, कारण हे वाचलं तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि लाजरी समोरच होती.

तुझा,
मामा